काकांची पेटी भंगारात देण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. औसा तालुक्यातलं गाव. सुतारकी केलेले चुलते जाऊन दीड वर्ष झालं. अक्षय तृतीयेनंतर जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. आत पत्र्याची मोठी पेटी आहे, माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली आणखी हत्यारं आहेत आणि कोपऱ्यात खुणा केलेल्या काही काठ्या उभ्या आहेत. भंगारवाल्यानं सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितलाय. पुण्याचा भाऊ म्हणतो देऊन टाक, आणि काकू काहीच बोलत नाहीत. विकू, ठेवू, का कुणाला देऊ? ठेवायचं तर गंज कसा काढू?

मी अंबाजोगाईकडचा सुतार. वडिलांच्या हाताखाली शिकलो. 35 वर्षं औतं, गाड्या, दारं-चौकटी केल्या. आता जास्त काम जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं असतं. कुणी गेलं की अशा पेट्या माझ्याकडे येतात, त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे. एका पेटीत पंचवीस-तीस वस्तू निघतात आणि प्रत्येकीचा निर्णय वेगळा असतो. भंगारवाला एकच आकडा सांगतो कारण तो लोखंडाचं वजन करतो. तो त्याचा धंदा आहे, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण पावशेर वजनाची चांगली पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, त्याच्या काट्यावर चहाच्या पैशाला जाते, आणि तशा पोलादाची पटाशी आज दुकानात शोधूनही मिळत नाही.

आता पहिलं काम. त्या काठ्या आजच्या आज तुमच्या घरी नेऊन ठेवा. हत्यारं आठ-दहा दिवस तिथंच राहिली तरी बिघडत नाही. काठ्या मात्र राहत नाहीत. घर आवरायला घेतलं की सगळ्यात आधी चुलीत जातात त्या काठ्याच, कारण बघणाऱ्याला ते सरपण दिसतं.

हे मी अनुभवानं सांगतोय. आमचे आण्णा, म्हणजे वडील, गेले त्या वर्षी मी त्यांची सगळी हत्यारं नीट ठेवली, पेटीला नवी कडी लावली, आणि कोपऱ्यातल्या सात-आठ काठ्या आंघोळीच्या बंबात घातल्या. पुढच्या मृगाआधी शेजारच्या गावचे एक शेतकरी मोडलेली तिफण, म्हणजे पेरणीचं औत, घेऊन आले. म्हणाले, "आण्णानं भरली होती, हुबेहूब तशीच करून दे." मी मोडक्या तिफणीवरूनच माप घेतलं. पण वापरून वापरून तिचे फण, म्हणजे जमिनीत शिरणारे दात, झिजलेले, ते ज्यात बसतात त्या दिंडाची भोकं मोठी झालेली, आणि जे माप मी घेतलं ते झिजलेलं माप होतं. पेरणी झाली. पीक हातभर आल्यावर त्यांनी ओळींमधलं तण काढायला कोळपं घातलं, तर ते ओळीत बसेना, एका बाजूनं पीक कापायला लागलं. त्यांचं कोळपं आण्णांच्या तिफणीच्या मापानं केलेलं होतं. ते खरं माप एका काठीवर होतं आणि ती काठी मी जाळली होती. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. मला मात्र ती गोष्ट अजून लागते.

म्हणून काठी कशी वाचायची ते सांगतो. तिफणीला तीन फण असतात आणि दोन फणांमधलं अंतर म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधलं अंतर. रब्बी ज्वारी आपल्याकडे साधारण 45 सेंटिमीटरवर, म्हणजे दीड फुटाच्या आसपास पेरतात. काठीवर तेवढ्या अंतरानं तीन खाचा असतील तर ती तिफणीची काठी समजा. अंतर कमीजास्त असेल तर ते दुसऱ्या पिकाचं किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीप्रमाणं ठरवलेलं असेल. एखाद्या काठीच्या टोकाला तिरका काप असतो; तो बहुतेक फण किती कलता ठेवायचा याचा. फार कलता ठेवला तर बी वर पडतं, फार उभा ठेवला तर बैलाला ओढायला जड जातं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, सुतार काठीवर ठेवायचा. वाकड्या आकाराचा फळीचा किंवा पत्र्याचा तुकडा सापडला तर तो बैलगाडीच्या चाकाचा घेर ज्या तुकड्यांनी जोडतात त्याचा फर्मा असण्याची शक्यता आहे. डनलॉपची, म्हणजे रबरी टायरची, गाडी आल्यापासून लाकडी चाक कुणी करत नाही, त्यामुळे तो फर्मा पुन्हा कुणी बनवणार नाही.

प्रत्येक काठीवरच्या खुणा टेपनं मोजा, सेंटिमीटरमध्येही आणि इंच-सुतातही. एका इंचाचे 8 सूत. काकांनी खुणा सुतात केल्या असतील तर त्या सेंटिमीटरमध्ये अर्धवट आकडे देतील आणि तुम्हाला वाटेल की काठी अंदाजानं केली आहे. तसं नसतं.

यानंतर काकू. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांची संमती आहे असं धरू नका. एक दुपार ठरवा, पेटी ओसरीवर आणा, सतरंजी टाका आणि एकेक वस्तू त्यांच्यासमोर ठेवत जा. "याचं काय करू" असं विचारू नका. "काका हे कशाला वापरायचे" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला त्या "तुम्हाला वाटंल ते करा" म्हणतील. दुसऱ्या प्रश्नाला बोलायला लागतील. सुताराच्या बायकोला पेटीतलं सगळं माहीत असतं. भोक पाडायच्या सामत्याची दोरी तिनं ओढलेली असते, करवतीचं दुसरं टोक तिनं धरलेलं असतं, रंध्याच्या भुशानं तिनं चूल पेटवलेली असते. माझ्या आईला आण्णांच्या प्रत्येक पटाशीचं नाव येत होतं आणि कुठली कुणाला उसनी दिली आहे तेही. फोनवर आवाज टिपून ठेवा. जे कळेल ते चिठ्ठीवर लिहून सुतळीनं त्या त्या हत्याराला बांधा: कशाचं, कुणाकडून घेतलं, काय काय केलं त्यानं. पुढं ते कुठंही गेलं तरी चिठ्ठी सोबत जाईल. गावात कुणाकडे काही उसनं गेलेलं असेल तर तेही या बोलण्यातच कळेल.

आता हत्यारं बघायची. पुसायची नाहीत, घासायची नाहीत, आधी फक्त बघायची. गंज काढताना पहिल्यांदा जातो तो बनवणाऱ्याचा ठसा. पात्याच्या मानेजवळ, रंध्याच्या लोखंडाच्या वरच्या टोकाला, करवतीच्या पात्यावर मुठीशेजारी उजेड तिरका पाडून बघा. ठसा अंधुक असेल तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, अक्षरं उमटतात. मराठवाड्यातल्या जुन्या पेट्यांत मला इंग्लंडच्या शेफिल्डचा ठसा असलेल्या पटाश्या आणि रंध्याची लोखंडं अनेकदा मिळाली आहेत. स्पिअर अँड जॅक्सन हे त्यातलं एक नाव; त्या कंपनीची सुरुवात 1760 सालची. करवतीवर डिस्टन असेल तर ती अमेरिकेच्या फिलाडेल्फियाची. टपारियाचा पान्हा किंवा पक्कड निघाली तर ती 1969 नंतरची, कारण कंपनीनं हत्यारं बनवायला त्या साली सुरुवात केली. घडीच्या लाकडी पट्टीवर दोन्ही बाजूंना फक्त इंच असतील तर ती बहुधा मेट्रिक मापं रुळण्याआधीची. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. आणि मापाच्या लोखंडी गजावर 24 भाग असतील तर ते तसू आहेत. गजाचे 24 तसू, हे आमच्या आजोबांच्या पिढीचं माप. असा गज कुणालाही देऊ नका, जपून ठेवा.

ठसा नसला म्हणजे हत्यार हलकं, असं मानू नका. वाकस (लाकूड तासायचं हत्यार), किंकरी (पटाशीचाच एक प्रकार), कुऱ्हाड, खुरपी ही बहुतेक गावच्या लोहारानं किंवा पेरणीच्या आधी पाल ठोकून राहणाऱ्या घिसाड्यानं केलेली असतात, आणि त्यातली काही विलायती मालाला भारी पडतात. कारागिराचं नाव त्यावर नसतं, पण माझ्या मते पेटीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच, कारण त्या भट्ट्या आता विझल्या आहेत.

पोलाद ओळखायचं कसं? नवी बारीक कानस घ्या आणि धारेपासून थोडं मागं हलकेच ओढा. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर पोलादाला पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, चांगलं आहे. कानस लोखंड खायला लागली तर पात्याचं पाणी उतरलंय. जुन्या रंध्याच्या लोखंडाची आणि पटाशीची उतरती बाजू थोडी घासून बघा. अनेकदा तिथं दोन रंग दिसतात, मागं मऊ लोखंड आणि पुढं पोलादाची पातळ पट्टी. जुने कारागीर पोलाद महाग म्हणून धारेपुरतंच जोडायचे, आणि त्यामुळे पातं घासायला सोपं जातं, ठोका बसला तरी सहसा तुटत नाही. ती पट्टी किती उरली आहे तेवढंच त्या हत्याराचं आयुष्य उरलेलं असतं. अर्धा इंच असेल तर अजून एक सुतार त्यावर पोट भरील.

मग वाजवून बघा. आपण मडकंसुद्धा वाजवून घेतो. पातं सुतळीनं टांगून लाकडाच्या दांड्यानं हलकेच मारा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर पोलाद अखंड आहे. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे; अशा पटाशीवर किंवा घणावर कधीही जोराचा ठोका मारू नका. लोखंडी छिन्नीचं डोकं ठोक्यांनी फुलासारखं उलगडलेलं असेल तर ते कानशीनं उतरवल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. त्याची कपची उडून डोळ्यात गेलेला माणूस मी बघितला आहे.

रंध्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण चूक तिथंच जास्त होते. लाकडी रंध्याचं लोखंड पाचरीनं धरलेलं असतं. ती पाचर पकडीनं ओढू नका, तिचं डोकं चुरा होतं. रंधा डाव्या हातात धरा आणि मागच्या टोकावर लाकडी मोगरीनं दोन-तीन ठोके द्या. पाचर आपोआप सैल होते. आतलं लोखंड निघालं की तळावर सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर तळ वाकलाय, आणि तो घासून सरळ करता येतो. तोंडाशी लाकूड तुटलेलं असेल तर तिथं कडक लाकडाचा तुकडा बसवता येतो. यातलं काहीही फेकण्याचं कारण होत नाही. रंध्याच्या कडेवर जिथं अंगठा टेकतो तिथं एक गुळगुळीत खळगी पडलेली असते. तुमचा अंगठा तिथं ठेवून बघा. काका डावरे होते का, ते त्या खळगीवरून कळेल. ती खळगी पॉलिश पेपरनं घासून "नवी" करू नका, एवढी माझी विनंती आहे. गलत्याचे रंधे, म्हणजे चौकटीला गोलाई किंवा नक्षीची रेघ काढणारे अरुंद रंधे, जोडीनं असतात. ते वेगवेगळ्या माणसांना देऊ नका.

करवत असेल तर डोळ्याशी धरून बंदुकीसारखी नेम धरून बघा. धनुष्यासारखा सारखा बाक असेल तर तो निघतो; एका जागी मोडल्यासारखी घडी असेल तर बहुधा निघत नाही. दात बघा. दात मुठीकडे वळलेले दिसले तर कुणीतरी पातं उलटं बसवलंय असं समजू नका. आपली देशी करवत ओढताना कापते, विलायती करवत ढकलताना कापते. एका हौशी माणसानं अशी उत्तम देशी करवत "दुरुस्त" करून उलटी केलेली माझ्याकडे आली होती, मूठ पार तुटलेली.

आता गंज. काळपट, घट्ट बसलेला थर हा गंज नव्हे, तो जुन्या लोखंडाचा रंग आहे आणि तो लोखंडाला राखतो. जायला हवा तो लाल, भुगा पडणारा गंज. आधी डिझेलचे दोन बोळे फिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशनं घासा. निम्मं काम इथंच होतं. मग चिंच. आपल्याकडे चिंचेला तोटा नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मुठी चिंच कोळून लाकडी मूठ काढलेलं पातं त्यात बुडवा आणि दर दोन-तीन तासांनी बघा. चिंचेतलं आम्ल गंज विरघळवतं, पण जास्त वेळ ठेवलं तर चांगलं पोलादही खातं. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका, करवतीचं पातळ पातं तर तीन-चार तासांवर नको. चिंच नको असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व, लिटरला 50 ग्रॅम. बाहेर काढलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून धुवा, म्हणजे आम्ल मरतं. उन्हात कडक वाळवा आणि हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच शिलाई मशीनचं तेल पुसा. आम्लातून निघालेलं ओलं पोलाद अर्ध्या तासात पुन्हा लाल होतं, म्हणून मध्ये जेवायला उठू नका. संडास धुण्याचं ॲसिड हत्यारांना अजिबात लावू नका. त्याची वाफ खोलीतल्या बाकीच्या लोखंडालासुद्धा गंजवते.

सगळ्यात मोठं नुकसान गंजानं होत नाही, ते ग्राइंडरनं होतं. भाऊ उत्साहानं म्हणेल, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात पाच मिनिटांत चकचकीत करून आणतो. देऊ नका. पोलादाचं पाणी साधारण 200 ते 230 अंशांवर, फिकट पिवळ्या रंगावर धरलेलं असतं. चाकावर धार निळी झाली म्हणजे ती 300 अंशांच्या जवळ गेली आणि तेवढा भाग मऊ पडला. 60 वर्षं टिकलेलं पाणी पाच सेकंदांत जातं. धार हातानं लावा, निसण्यावर पाणी टाकून. पटाशी आणि रंध्याला 25 अंशांचा उतार आणि अगदी टोकाला 30. आधीच निळी पडलेली पाती असतील तर ती जाणत्या लोहाराकडे न्या. लाल करून, चुंबक चिकटेनासं झालं की विझवून, परत पिवळ्या रंगापर्यंत तापवून तो पाणी चढवून देईल.

लाकडी मुठींना खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते वाळत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल लावा. ते हवेतच घट्ट होतं. अगदी पातळ हात, तीन-चार दिवस वाळू द्यायचा, मग दुसरा. एक धोका मात्र लक्षात ठेवा: जवसाच्या तेलानं भिजलेला बोळा चुरगाळून ठेवला तर तो आतून तापत जातो आणि आपोआप पेट घेतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर नक्कीच काळजी घ्या. बोळा पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून वाळवा. मुठीतून बारीक पीठ गळत असेल तर कीड लागलीय. ते हत्यार बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा.

दांडा सैल असला की लोक हत्यार पाण्यात ठेवतात. दांडा फुगतो, घट्ट वाटतो, पण फुगताना लोखंडाच्या कडेनं त्याचे तंतू चेंगरतात आणि वाळल्यावर तो पहिल्याहून सैल होतो. दांडा बदलायचाच असेल तर धावडा किंवा बाभूळ वापरा, आणि उन्हाळ्यातच बसवा. मे महिन्यात वाळून कडक झालेला दांडा ठोकून बसवला की पावसाळ्यात तो फुगून आणखी आवळतो. पावसाळ्यात बसवलेला दांडा पुढच्या उन्हाळ्यात निघून हातात येतो.

आता द्यायचं कुणाला. माझा क्रम सरळ आहे: जे काम करील त्याला काम करणारं हत्यार. गावात किंवा आसपास हातानं काम करणारा एखादा पोरगा असेलच. 17 सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यात सुतार, लोहार धरून 18 व्यवसाय आहेत आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यातून मशीन येतं, पण चौकटीचा सांधा बसवायला शेवटी पटाशीच लागते. असा पोरगा आला तर त्याच्या हातात पटाशी द्या आणि गप्प बसून बघा. तो किंमत विचारण्याआधी ती उजेडाकडे धरून धार बघतो का, नखावर लावून बघतो का? बघत असेल तर निर्धास्त द्या. दुसरी जागा म्हणजे तालुक्याच्या आयटीआयमधला सुतारकामाचा वर्ग. आधी निदेशकांशी बोला, त्यांना काय हवं ते विचारा, सगळी पेटी नेऊन टाकू नका. माळवदाची घरं बांधणारी मोठी करवत, लांब रंधे यांना आता नेहमीचं काम नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे जाड मातीच्या छताची घरं कुणी बांधत नाही, आणि ते बरोबरही आहे. दगडी भिंती आणि छतावरची हातभर माती यांनीच जास्त माणसं दाबली. पण उदगीर, पैठण, अंबाजोगाईत जे वाडे उभे आहेत त्यांच्या दुरुस्तीला हीच हत्यारं लागतात. ती वाडे दुरुस्त करणाऱ्या सुताराकडे जाऊ द्या.

संग्रहालयाचा विचार मनात असेल तर तेरचं लामतुरे संग्रहालय तुमच्यापासून फार लांब नाही, आणि औतांसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारून बघा. कुठंही गेलात तरी पहिला प्रश्न "हे कुणाचं, कुठलं, कशासाठी" असा येईल. काकूंच्या बोलण्यावरून लिहिलेल्या चिठ्ठ्या तिथं कामाला येतात. चिठ्ठी नसलेलं हत्यार तिथं एक गंजकं लोखंड असतं.

विकण्यात काही वाईट नाही, काकूंना पैशाची गरज असेल तर नक्की विका, पण नगावर विका, किलोवर नको. दोन गोष्टी सांभाळा. 100 वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला काही परस्पर पाठवू नका. आणि माळ्यावरच्या गोणपाटात तलवार किंवा ठासणीची बंदूक निघाली, जी आपल्या भागात निजामाच्या शेवटच्या काळातली निघू शकते, तर ती हाताळत बसू नका, पोलीस ठाण्यात कळवा. खरोखर तुटलेलं, तडे गेलेलं, पोलाद संपलेलं असेल ते भंगारात खुशाल द्या. लोखंड वितळून पुन्हा कामाला येतं.

पुण्याच्या भावाला काय सांगायचं? त्याला एक हत्यार द्या. वाटणीत नाही, आधीच. त्यानं लहानपणी ज्याला हात लावला म्हणून मार खाल्ला असेल असं एखादं असतंच, काकूंना ते आठवत असेल. ते हातात आल्यावर तो "देऊन टाक" म्हणेल का, ते मग बघा. तुमच्यासाठी एक रंधा ठेवा, अंगठ्याची खळगी असलेला. वाकस कुणाकडे जाईल हे मात्र काकूंना ठरवू द्या. सुताराच्या घरात खंडेनवमीला पूजेत वाकस मधोमध असतो, आणि तो घराबाहेर जातोय हे त्यांच्या तोंडून ठरलेलं बरं.

घर पाडायला अजून दीड महिना आहे. काठ्यांचे फोटो काढाल तेव्हा प्रत्येकीच्या शेजारी टेप उघडून ठेवा आणि खाचा नीट दिसतील असा उजेड पाडा. तिफणीची कुठली, चाकाची कुठली, दाराची कुठली हे मला फोटोवरूनही सांगता येईल.